थंडीत कुंडीतल्या ईडलिंबाची पानं गळतायत

मोगरा_पाषाण | ६ जानेवारी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी याच दिवसांत माझं म्हाळुंग (लिंबाच्याच कुळातलं झाड) गेलं. सासऱ्यांनी कोल्हापूरहून आणलेलं रोप होतं. अंबाबाईच्या हातात म्हाळुंग असतं म्हणून त्यांचा त्या झाडावर फार जीव. सहा वर्षं कुंडीत नीट राहिलं, दोनदा फळ धरलं, आणि जानेवारीत तीन आठवड्यांत संपलं. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडतंय. म्हणून रोज सकाळी सातला, ऑफिसला निघायच्या आधी, तांब्याभर जास्त घालत राहिले. शेणखतही घातलं. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा मातीला गटारासारखा वास येत होता. मुळं तपकिरी झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा उरला. सासरे आता नाहीत, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

आता पाळी ईडलिंबाची. चार वर्षांचं कलम आहे, १६ इंची काळी प्लॅस्टिकची कुंडी, सहाव्या मजल्यावरची पूर्वेकडची बाल्कनी. डिसेंबर संपता संपता पानगळ सुरू झाली. काही पानं पिवळी होऊन पडतात, पण काही चांगली हिरवीगार असतानाच. सकाळी झाडू घेऊन गेलं की दहा-बारा पानं गोळा होतात. आमच्याकडे पहाटे पारा ८-९ पर्यंत उतरतो, आणि आठ-साडेआठला थेट ऊन येतं.

मुलगा म्युनिकला असतो. त्यानेही हौसेने लिंबाचं झाड घेतलंय आणि त्याचीही हीच तक्रार! त्याच्याकडे बाहेर उणे ५, घरात २२. हवा इतकी वेगळी आणि दुखणं एकच, हे मला उलगडत नाही. कुणी अनुभवी असेल तर सांगा. हे झाड मला घालवायचं नाहीये.

लिंबलोण | ६ जानेवारी

मोगराताई, माझ्या कागदी लिंबाचंही तेच चाललंय (बाणेर, दहावा मजला). नर्सरीवाल्याने एप्सम सॉल्ट घालायला सांगितलं. घातलं, फरक नाही. वाचतेय.

कुंडीकाका | ६ जानेवारी

मोगराताई, म्हाळुंगाचं वाचून वाईट वाटलं. मुळाची साल मोज्यासारखी निघून येणं ही मुळकुजीची अगदी ओळखीची खूण आहे. फळबागांच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यात ही खूण शेकडो वेळा पाहिलीय. तुम्ही मुद्दाम काही वाईट केलं नाहीत. पिवळं पान दिसलं की माणसाचा हात आधी पाण्याकडेच जातो.

आता कारण सांगतो, सावकाश वाचा.

लिंबूवर्गातली झाडं साधारण १३ अंशांच्या खाली वाढ थांबवतात. मुळांचंही तसंच. माती गार झाली की मुळांचं पाणी ओढणं जवळपास बंद पडतं, नत्र आणि लोह घेणंही मंदावतं. जमिनीतल्या झाडाला हे फार जाणवत नाही, कारण हातभर खालची जमीन थंडीतही उबदार असते. कुंडीला चारी बाजूंनी हवा. पहाटेपर्यंत कुंडीतली माती जवळजवळ हवेइतकीच गार होते, आणि तापायला दुपार उजाडावी लागते.

इकडे आठ-साडेआठला तुमच्या झाडावर ऊन पडलं. पान तासाभरात तापलं, त्यातून बाष्प जायला लागलं, पान खाली पाणी मागतंय. मूळ अजून झोपेत. मागणी आहे, पुरवठा नाही. मग झाड पानच सोडून देतं, म्हणून हिरवी पानं पडतायत. त्यात आपण सकाळी सातला गच्चीवरच्या टाकीचं, रात्रभर गारठलेलं पाणी घातलं की मुळं आणखी गार होतात. ते पाणी कुणी ओढत नाही, तसंच साचून राहतं, आणि ओल्या गार मातीत बुरशीचं फावतं.

म्युनिकच्या झाडाचं मला वाटतं असं असणार: खिडकीतल्या उन्हाने आणि हीटरने पान गरम, आणि कुंडी दगडी कट्ट्यावर, काचेला चिकटून, गार. पण तिकडचं तिकडे राहणाऱ्यानेच सांगावं.

आज तुम्ही एवढंच करा. उदबत्तीची रिकामी काडी घ्या, कुंडीत कडेपासून चार बोटं आत, खालपर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ती किती खोलवर ओली आहे ते इथे सांगा. आणि शेवटचं पाणी कधी घातलं तेही.

मोगरा_पाषाण | ७ जानेवारी

काका, मनापासून धन्यवाद. काडी घालून पाहिली. वरची दोन बोटं कोरडी, भुरभुरीत. त्याखाली काडी काळपट ओली, आणि टोकाला चिखल चिकटून आला. पाणी शेवटचं घातलं त्याला आज सहा दिवस झाले! मी रोज वरची माती बघून "आज घालावं का" असा विचार करत होते.

अजून एक सापडलं. कुंडीखाली ताटली ठेवली होती, फरशी खराब होऊ नये म्हणून. ती उचलली तर तिच्यात बोटभर पाणी. म्हणजे झाड सहा दिवस पाण्यात उभं होतं.

कुंडीकाका | ७ जानेवारी

ताटली आजच काढा. कुंडीखाली तीन विटा ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतील आणि गार फरशीही लागणार नाही. मातीवर पालापाचोळा टाकला असेल तर थंडी सरेपर्यंत बाजूला करा, उन्हाने माती तापू द्या. काळी कुंडी या दिवसांत चांगलीच, तिच्यावर ऊन पडलं की आतली माती लवकर गरम होते. पाणी द्यायची वेळ येईल तेव्हा बादली आदल्या दिवशी घरात भरून ठेवा आणि सकाळी अकरानंतर द्या. तोवर काही घालू नका. खत तर मुळीच नको. झोपलेल्या मुळाला खत म्हणजे नुसता क्षार.

सिंहगडरोड_गच्ची | ७ जानेवारी

काका, तुमचा आदर ठेवून थोडं वेगळं सांगते. "थंडीत पाणी नको" एवढंच वाचून घरी जाणारे खूप असतात. तीन वर्षांपूर्वी मी तेच केलं. माझी गच्ची उघडी, डोंगराकडून वारा येतो, आणि झाडं मातीच्या कुंड्यांत. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून हौसेने आणलेल्या मोठ्या कुंड्या. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, वर वारा. पंधरा दिवस पाणी दिलं नाही आणि कागदी लिंबाची एक पूर्ण बाजू वाळली. पुण्याची दुपार डिसेंबर-जानेवारीतही २८-३० ला जाते, हे विसरून चालत नाही.

तेव्हापासून मी दोन्हींतला फरक पानावरून ओळखते. तहानलेलं पान आधी आतल्या बाजूला वळतं, पन्हळीसारखं होतं, हाताला कडक लागतं, आणि वाळलं तरी बरेच दिवस फांदीला चिकटून राहतं. पाणी जास्त झालेल्या झाडाचं पान मऊ राहतं, फिकट पिवळं पडतं, आणि नुसता धक्का लागला तरी देठापासून सुटतं. कुंडी उचलून बघणं ही दुसरी खूण. पाणी दिल्यावर एकदा आणि पूर्ण कोरडी झाल्यावर एकदा उचलून ठेवा, हाताला वजन कळतं. मोठी असेल तर नुसती एका बाजूने कलती करून बघायची.

कुंडीकाका | ७ जानेवारी

ताई, शंभर टक्के मान्य. मी मोगराताईंच्या कुंडीपुरतं बोललो, ते सगळ्यांना लागू करू नये. प्लॅस्टिकची कुंडी, आडोसा, खाली ताटली, तिथे दहा-बारा दिवसही पाणी लागणार नाही. मातीची कुंडी, उघडी गच्ची, वारा, तिथे तीन-चार दिवसांनी लागेल. वार ठरवून पाणी द्यायचं नाही, काडी सांगेल तेव्हा द्यायचं. आणि द्यायचं तेव्हा पोटभर, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. रोज तांब्या-तांब्या घालण्याने वरचं थोडं भिजतं आणि तळ कायम ओला राहतो.

इसारकाठ | ८ जानेवारी

मी मूळची सदाशिव पेठेतली, आता अकरा वर्षं म्युनिकला. मोगराताई, तुमच्या मुलाच्या घरी काय चाललंय ते मला इथे बसून दिसतंय, कारण माझ्या पहिल्या दोन हिवाळ्यांत तेच झालं.

इथे डिसेंबरात दिवस साडेआठ तासांहूनही लहान. पुण्यात सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. हा फरक झाडाला फार महागात पडतो. घरात २२ अंश ऊब आहे म्हणून झाडाला वाटतं वाढायचे दिवस आहेत. ते श्वसन करतं, साठवलेलं खर्च करतं, लांबट फिकट कोंब काढतं. उजेड मात्र इतका कमी की पान कमवत काहीच नाही. त्यात हीटरची कोरडी हवा. महिन्याभरात पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड येते, बारीक जाळी दिसायला लागते, आणि पानं खाली.

इथल्या शेजारच्या आजींनी मला जे सांगितलं ते साधं होतं: ऊब देणार असशील तर उजेडही दे, उजेड देता येत नसेल तर ऊबही देऊ नको. म्हणजे दोनच मार्ग. एक, झाडाला गार पण उजेडाच्या जागी झोपू द्यायचं, ५ ते १० अंशांत. आमच्या इमारतीचा जिना तसा आहे, हीटर नाही, पण मोठी काच आहे. तिथे माझं झाड नोव्हेंबर ते मार्च असतं, तीन आठवड्यांनी एकदा पाणी, खत शून्य. पानं फारशी गळत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे घरात ठेवायचं असेल तर वर दिवा लावायचा, रोज बारा तास, झाडाच्या अगदी जवळ. आणि कुंडी दगडी कट्ट्यावरून उचलून लाकडी स्टुलावर. तुमच्या मुलाला आधी स्टुलाचंच सांगा, आजच्या आज होण्यासारखं तेवढंच आहे.

थंड देशांत हे प्रकरण शतकानुशतकं चाललंय. व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसाठी मान्सार या वास्तुरचनाकाराने १६८४ ते १६८६ मध्ये संत्र्यांसाठी वेगळी इमारतच बांधली. मी दोनदा जाऊन आलेय. दक्षिणेला तोंड असलेल्या उंच खिडक्या, प्रचंड जाड भिंती, आणि आत हजाराहून जास्त झाडं लाकडी पेट्यांत. हिवाळाभर आत, मे ते ऑक्टोबर बाहेर अंगणात. त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, म्हणजे झाड न उपटता मुळं तपासता आणि छाटता येतात. मला त्या इमारतीपेक्षा त्या पेटीचं जास्त कौतुक वाटलं. आपल्याला मूळ बघायचं तर कुंडी उलटी करावी लागते, आणि तोवर उशीर झालेला असतो. इटलीत गार्दा सरोवराच्या काठी तर डोंगरउतारावर दगडी खांब उभे करून लिंबाच्या बागा केल्या. हिवाळा आला की त्या खांबांवर फळ्या आणि काचा चढवायच्या, उन्हाळ्यात उतरवायच्या. हे सगळं लिंबासाठी!

बाहेर कधी काढायचं याचा इथला ठोकताळा आपल्या नक्षत्रांसारखा आहे. ११ ते १५ मे हे पाच दिवस "बर्फाच्या संतांचे". त्यांच्यातली शेवटची "थंड सोफी" होऊन गेली की रोपं बाहेर. त्याआधी भुलून बाहेर काढलं की एका रात्रीच्या हिमाने कोवळे कोंब काळे. आणि बाहेर काढल्यावरही पहिले दहा दिवस सावलीतच. घरातल्या पानाला उन्हाची सवय नसते, पांढरे भाजल्याचे डाग पडतात.

मोगरा_पाषाण | ८ जानेवारी

इसारकाठ, तुमचा प्रतिसाद रात्री मुलाला फोनवर वाचून दाखवला. कुंडी खिडकीच्या दगडी कट्ट्यावरच होती, आणि खाली हीटर! त्याने तेव्हाच स्टुलावर हलवली. पानांमागे जाळी आहे का ते बघायला सांगितलं, तर आहे.

इसारकाठ | ८ जानेवारी

जाळी असेल तर बाथरूममध्ये नेऊन कोमट पाण्याच्या फवाऱ्याने पानांची मागची बाजू नीट धुवायची. कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधून, म्हणजे माती भिजणार नाही. आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळा. माझं झाड एवढ्याने सावरलं. जागा मात्र एकदम बदलू नका. २२ अंशांतून ५ अंशांत नेलं तर तो वेगळाच धक्का. यंदा दिवा लावा, पुढच्या ऑक्टोबरात जिन्यात ठेवा.

लिंबलोण | ९ जानेवारी

काका, माझ्या झाडाचं वेगळं दिसतंय. काडी कोरडी निघते तेव्हाच पाणी घालते. पानं गळण्यापेक्षा पिवळी जास्त आहेत. शेंड्याची नवी पानं जवळजवळ पांढरट पिवळी, पण शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. खालची जुनी पानं बरी आहेत. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

कुंडीकाका | ९ जानेवारी

लिंबलोण, तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंत. पांढरा थर म्हणजे क्षाराचं पाणी. त्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. गार मुळांनी त्यात भर घातली. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानावर दिसते. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियम देतं. त्याची कमतरता उलट जुन्या पानांवर दिसते: कडा पिवळ्या, आणि देठाकडे हिरवा त्रिकोण शिल्लक. तुमची जुनी पानं बरी आहेत, म्हणजे तुम्हाला त्याची गरज नव्हती. सगळं झाड, विशेषतः खालची पानं, एकसारखी फिकट पिवळी झाली तर नत्र समजा. नवी पानं बारीक, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे असतील तर जस्त.

चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) आणा. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय ना ते पाहून घ्या. ईडीटीए लिहिलेलं क्षाराच्या मातीत टिकत नाही. मातीत द्यायचं ते फेब्रुवारीच्या मध्यावर, मुळं जागी झाल्यावर. आणि पावसाळ्यात गच्चीवर पिंप ठेवा. पावसाचं पाणी या झाडांना अमृत आहे.

सिंहगडरोड_गच्ची | ११ जानेवारी

काल रात्री आमच्याकडे फारच गार होतं. एक गोष्ट नजरेला आली म्हणून लिहिते. गच्चीच्या मधोमध असलेल्या लिंबाच्या शेंड्याची कोवळी पानं सकाळी काचेसारखी दिसत होती, दुपारी करपली. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दोन हातांवर असलेल्या लिंबाला काही नाही. एकच गच्ची, एकच थंडी.

कुंडीकाका | ११ जानेवारी

छान निरीक्षण आहे ताई. निरभ्र रात्री पान आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दव गोठतं ते याच कारणाने. डोक्यावर टाकी, छज्जा, नुसती शेडनेट जरी असली तरी ही ऊब अडते. भिंत दिवसभराचं ऊन साठवून रात्री सोडते. म्हणून थंडीच्या लाटेत कुंड्या भिंतीला लावून, छज्जाखाली. उघड्यावरच ठेवणं भाग असेल तर रात्री वरून जुनी चादर, आणि कुंडीभोवती गोणपाट. चादर सकाळी काढायची.

पुणं काही कायम मवाळ नसतं. १७ जानेवारी १९३५ ला इथे १.७ अंशाची नोंद झालीय. ईडलिंबू तेवढं सोसेल, कोवळे शेंडे करपतील. म्हाळुंग आणि कागदी लिंबू सगळ्यांत नाजूक. त्यांच्याहून संत्रं काटक, आणि कुमक्वाट त्याहून काटक. तिकडे जपानी युझू आणि तीन पानांचं त्रिदली संत्रं बर्फातही तगतं, म्हणून थंड देशांत कलमाच्या खुंटासाठी, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतात त्यासाठी, ते वापरतात. आपल्याकडे खुंट जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे कलमाच्या जोडाच्या, खालून फुटवा आला तर लगेच काढायचा, नाहीतर झाड खुंटाचंच होऊन बसतं.

लिंबलोण | १२ जानेवारी

एक बाळबोध प्रश्न. इतका त्रास आहे तर थंडीत झाड सरळ घरातच का आणू नये?

कुंडीकाका | १२ जानेवारी

प्रश्न चांगला आहे, कारण उत्तरात या झाडांचं सगळं रहस्य आहे. थंडी त्यांना हवी असते!

विदर्भातले संत्रा बागायतदार आंबिया बहार धरतात तेव्हा डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात. वाढ थांबते, झाड अन्न साठवतं, आणि जानेवारीत ताण तोडला की फुलावर येतं. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात देतात. लिंबाला हस्त बहार धरला तर फळ उन्हाळ्यात येतं आणि भाव मिळतो, पण पावसाळ्यात ताण बसणं कठीण. थोडक्यात, फुलासाठी झाडाला विश्रांती लागते. जिथे कोरडा ताण देता येत नाही त्या थंड देशांत ती विश्रांती गारठाच देतो. काही आठवडे गारव्यात काढले की कळ्या धरतात. इसारकाठताईंचं जिन्यातलं झाड मार्चनंतर फुलत असणार.

पुण्याला निसर्गाने दोन्ही दिलंय, कोरडी हवा आणि बेताची थंडी. ते झाड घरात आणून, पंख्याखाली ठेवून, त्याची ही विश्रांती मोडायची कशाला? मात्र कुंडीत बागेसारखा कडक ताण देऊ नका. तिथे मुळं खोल जाऊन काहीतरी शोधतात, कुंडीत शोधायला जागा नाही. पान दुपारी जरा मलूल होऊन संध्याकाळी परत सावरेल, इतकंच.

इसारकाठ | १२ जानेवारी

काका, अगदी बरोबर! एप्रिलमध्ये जिना सुगंधाने भरतो, वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन विचारतात. घरात ठेवलं त्या दोन वर्षांत एकही फूल नव्हतं.

जाता जाता एक कळकळीची विनंती. पुण्याहून युरोपात येताना कुणीही बॅगेत लिंबाचं किंवा म्हाळुंगाचं रोप आणू नका. युरोपीय संघात त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ग्रीनिंगसारखा रोग एका रोपाबरोबर येतो आणि पूर्ण मुलखाच्या बागा संपवतो. इथल्या नर्सरीत चांगली कलमं मिळतात.

मोगरा_पाषाण | २९ जानेवारी

तीन आठवड्यांनी लिहितेय. ताटली काढली, विटा लावल्या, आच्छादन काढलं. पहिलं पाणी १७ तारखेला दिलं, म्हणजे आधीच्या पाण्यानंतर सोळा दिवसांनी! तेव्हा काडी तळापर्यंत कोरडी निघाली होती. अकरा वाजता, बादलीतलं, भोकातून वाहीपर्यंत. त्यानंतरचे चार-पाच दिवस पानं पडलीच. मी घाबरले, पण हात आवरला. २४ पासून झाडायला गेलं की एखाद-दुसरं पान. झाड अर्धं उघडं दिसतंय, पण फांद्या हिरव्या आहेत, नखाने खरवडून पाहिलं.

कुंडीकाका | २९ जानेवारी

हात आवरलात, त्यातच झाड वाचलं. आता कुंडी बदलायचा विचार फेब्रुवारी संपेपर्यंत नको. माती काळी आणि घट्ट असेल तर तेव्हा बदलू: दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि थोडं कोकोपीट. डोळा भरलेली जागा मातीच्या चार बोटं वर राहू द्या, ती पुरली की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. खत पहिली पालवी हिरवी झाल्यावर.

मोगरा_पाषाण | ४ मार्च

मंडळी, ईडलिंबू फुटलं! १६ फेब्रुवारीला उघड्या पडलेल्या फांदीवर, काट्याच्या बगलेत, मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. आज वीतभर पालवी आहे. आणि पालवीबरोबर कळ्या आहेत, बाहेरून जांभळट, आतून पांढऱ्या. सतरा मोजल्या.

पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या तीन अळ्या सापडल्या. काडी लावली तर एकीने डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. लिंबाचं फुलपाखरू. मारवल्या नाहीत. खाली सोसायटीच्या बागेत मोठा कढीपत्ता आहे, त्यावर नेऊन सोडल्या. तिथे खाऊ दे त्यांना.

मुलाच्या झाडावर अकरा पानं शिल्लक आहेत, पण दिव्याखाली एक कोंब आलाय. फोटो पाठवतो रोज.

काका, इसारकाठ, ताई, तुमचे उपकार आहेत. म्हाळुंगाच्या वेळी हा धागा काढला असता तर, असं राहून राहून वाटतं.

सिंहगडरोड_गच्ची | ४ मार्च

मोगराताई, माझ्याकडे म्हाळुंग आहे. दहा वर्षांचं, मोठ्या पिंपात. म्हाळुंगाची छाट (कापलेली फांदी) मातीत लावली की रुजते, कलम करावं लागत नाही. हवी तितकी देते.

मोगरा_पाषाण | ४ मार्च

ताई, काय बोलू? कधी येऊ?

कुंडीकाका | ५ मार्च

आत्ता घाई नको. एप्रिल-मेच्या झळांत छाट वाळते. मृगाचे दोन पाऊस पडू द्या. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, मागच्या वर्षीच्या फुटव्याची, हिरवी पण कोन जाऊन गोल झालेली. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवायची, बाकीची काढायची. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, छोटी कुंडी, सावली. दीड-दोन महिन्यांत मुळं धरते. मोठ्या कुंडीत लगेच घालू नका, रिकामी माती ओली राहते आणि पुन्हा तेच दुखणं.

सिंहगडरोड_गच्ची | ५ मार्च

ठरलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात या. दोन नाही, चार छाटा काढून ठेवते. येताना ओलं फडकं आणि वर्तमानपत्र आणा, पाषाणपर्यंत जाईतो सुकायला नकोत.